फिल्टरमधलं शिसं

...निळं झाकण आता मशीनच्या कडेपासून चार बोटांवर आलं होतं. लिक्विडच्या बाटलीचं झाकण—कोमलनं ते मुद्दामच वर ठेवलं होतं, मशीन किती हलतं ते कळावं म्हणून—आणि ते हादऱ्यासरशी सरकत, मध्येच थबकत, पुन्हा सरकत कडेकडे चाललं होतं. तिचे कान मात्र आवाजाकडे होते. आतलं पाणी बाहेर पडायची वेळ झाली की खालून कुठूनतरी खडखड सुरू व्हायची. तीन आठवडे झाले, ती खडखड तिच्या डोक्यात ठाण मांडून बसली होती.

सगळे उपाय करून झाले होते. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, कपडे निम्मे केले, ड्रमच्या भोकाभोकातून बोटं फिरवली. रिकामं चालवलं तरी तेच. खालच्या मजल्यावरच्या मितालीनं सोसायटीच्या ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यासकट विचारलं होतं, वर कुणी गिरणी टाकली आहे का?—आणि त्या हसऱ्या चेहऱ्यानं कोमल दिवसभर धुमसत राहिली होती. पनवेलजवळच्या विचुंब्याच्या या बिल्डिंगमध्ये येऊन सहा वर्षं झाली. कुणी बोट दाखवावं असं काही तिनं आजवर घडू दिलं नव्हतं. नवरा म्हणाला, रविवारी मेकॅनिकला बोलावू. मिथुनचं सगळं रविवारीच. आज बुधवार, तो बंदरावर पहिल्या पाळीला गेलेला, सासरे, म्हणजे आबा, आतल्या खोलीत पेपर घेऊन बसलेले. तिनं रजा टाकली होती. ओढणी कमरेला खोचून ती मशीनसमोर फतकल मारून बसली.

उजव्या कोपऱ्यात खाली एक छोटं दार, त्यामागे फिल्टर. व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं तसं तिनं खाली ताट सरकवलं आणि फिल्टर सैल केला. काळपट पाणी आलं, दोऱ्यांचा गुंता आला, आणि गुंत्यातून तीन गोळ्या ताटात पडल्या. करड्या, बोराच्या बीएवढ्या, आरपार भोक असलेल्या. तिनं एक उचलली. आकाराच्या मानानं जड... शिसं. ओळखायला क्षणही लागला नाही, आणि याचाच तिला राग आला. दुसरी एखादी बाई मेकॅनिकला विचारत बसली असती. पण कोमल करंज्याच्या कोळ्याची मुलगी. पाग, म्हणजे हातानं फेकायचं ते गोल जाळं, त्याच्या घेराला बाप असं शिसं ओवायचा आणि ती शेजारी बसून त्याला एकेक गोळी द्यायची.

म्हणजे आबा पुन्हा खाडीवर जातात!

गेल्या वर्षी तिथेच त्यांना घेरी आली होती. मांडीभर चिखलात ते तासभर पडून होते, आणि पाणी चढायला लागलं होतं. कुणीतरी पाहिलं म्हणून वाचले. मिथुननं त्याच संध्याकाळी त्यांचा पाग चुलतभावाला देऊन टाकला आणि गेलेल्या आईच्या फोटोसमोर उभं करून त्यांच्याकडून शपथ घेतली. पुन्हा गेलात तर एकट्याला जिना उतरू देणार नाही, म्हणाला. आणि मिथुन एरवी कितीही मऊ असला तरी असं बोलला की करून दाखवतो. कोमलही म्हणाली होती, आबा, आमच्या जिवाला घोर नको...

घोर? कसला घोर होता मला? खरं आठवायचं तर त्या संध्याकाळी मला दिसली होती ती लिफ्ट—चिखलानं माखलेले आबा, आणि नाकाला रुमाल लावून बाजूला सरकलेली मिताली. आणि तो वास. माझी आई मासळी विकून बाजारातून यायची तेव्हा तिच्या आधी दारात पोचणारा तो वास... सातवीत शेजारची मुलगी काही न बोलता दप्तर उचलून मागच्या बाकावर गेली होती, तेव्हापासून मी लिंबाच्या फोडीनं हात घासत आले. आताही घरात मासळी येते ती साफ केलेली, पिशवीत बंद होऊन, दारावर. आबांच्या शपथेत मी माझीही शपथ गुपचूप मिसळून दिली होती. काळजीचं नाव किती सोयीचं असतं!

“गावली म्हनायची,” दारातून आवाज आला.

कमळाकर, तिचे सासरे, ताटाकडे पाहत उभे होते. एकाहत्तर वर्षांचा ताठ माणूस, पण हात मात्र मागे बांधलेले.

“आबा, पाग मशीनमध्ये धुता?”

“मागून आनला परत. उशीच्या अभ्र्यात बांधून घालतो. दोरी जुनी हाय, निसटली आसतील.”

“बादलीत धुवायचा ना! मशीन कशाला?”

“बादलीत वास राहतो गो, चिखलाचा,” ते म्हणाले. “तुला घरात वास चालत नाय ना... म्हनून.”

आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं, तिला भांडता आलं असतं.

“आणि म्हावरं?”

“तितंच वाटून देतो. घरी कशाला आनू?”

फोन वाजला. मिथुन. “काय गं, उघडलंस का? काय निघालं?”

आबांनी मान खाली घातली. सांगायला हवं होतं. जीव जाता जाता राहिलेला माणूस आहे हा. सांगायलाच तिनं तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, “बटण. तुझ्याच पँटचं.”

“बघ! मी म्हणालोच होतो.”

तो असलं काहीही म्हणाला नव्हता. तिनं फोन ठेवला. आबांनी वाकून तिन्ही गोळ्या मुठीत घेतल्या.

“उद्या जाणार?” तिनं विचारलं.

“सकाली जाईन म्हनत होतो. तू नको बोललीस तर नाय जात.”

एका शब्दाचं काम होतं. पण त्या नकारातला भीतीचा वाटा किती आणि वासाचा किती, हे तिचं तिलाच सांगता येईना. शेवटी तिनं एवढंच म्हटलं, “फोन न्या. पिशवीत गुंडाळून.”

फिल्टर बसवून तिनं मशीन लावलं. खडखड गेली होती. पाणी गुळगुळीत वाहत निघून गेलं. सुटले बाई, असं वाटायला हवं होतं. पण ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिली. उद्या अष्टमी. बाप सांगायचा, तिथीचे पाऊणपट केले की भरतीचा तास येतो. आठाचे पाऊणपट सहा. सहाला भरती, बारापर्यंत ओहोटी, आणि बारानंतर पाणी परत फिरणार, चिखलावर चढत येणार. पंधरा वर्षांत तिनं हे मोजलं नव्हतं. आबा चिखलात पडले त्या दिवशीसुद्धा नाही. आता मात्र ती बोटांवर तास मोजत होती. उद्या बाराला ती ऑफिसात असेल, मिथुन बंदरावर, आणि आबा कुठे आहेत हे जगात तिला एकटीला ठाऊक असेल... बाराच्या आत ते काठावर हवेत. की साडेबारा? करंजा समुद्राच्या तोंडाशी, पनवेलची खाडी पार आत. इथे पाणी उशिरा पोचतं. किती उशिरा, ते तिला माहीत नव्हतं. बापाला तिनं कधी विचारलंच नव्हतं.