डाव्या वळणावरची लाल रेघ

सासूबाई चहा गाळता गाळता सहज म्हणाल्या, "धाकटीचा हात बघितलास? लोण्यातून सुरी फिरावी तशी रेघ ओढते."

थोरलीने बघितला होता. त्याच हाताने तिची झोप उडवली होती.

घराच्या मागच्या खोलीत हे कुटुंब माणसाचे अवयव बनवतं. डॉक्टरकीच्या मुलांना शिकायला लागतात ते. सासूबाई साच्यात प्लास्टर ओततात, दोघे मुलगे ते घासून गुळगुळीत करतात आणि रंग थोरली देते. लग्न होऊन आली तेव्हा ब्रश कुठून धरायचा तेही तिला माहीत नव्हतं. भिंतीवरचे तक्ते बघून बघून शिकली. खिडकीजवळचं टेबल तिचं, तिथला उजेड तिचा. नव्या जावेला समोर ट्यूबलाइटखाली बसवलं होतं.

मग आतड्यांचं काम आलं. शरीररचना शिकवणाऱ्या मॅडमना वेटोळी पसरलेली हवी होती, म्हणजे आतड्याला रक्त पोचवणारी आणि परत नेणारी एकूण एक वाहिनी दिसेल. सासूबाईंनी दोघी सुनांपुढे एकेक कोरा नग ठेवला.

"मॅडम पसंत करतील तो मूळ नग. पुढचे सगळे त्याच्यावरून. आणि जिचा मूळ नग, तिचं खिडकीजवळचं टेबल. उजेड तिला लागेल."

"आई, टेबल कशाला मध्ये?" थोरली म्हणाली.

"अगं, टेबल कुठे पळत नाही. तू तेवढी टिकून राहा."

आतड्याला धरून ठेवणारा पंख्यासारखा पातळ पडदा असतो. त्यावरून लाल धमन्या आणि निळ्या शिरा जातात, एकमेकींना जोडून कमानी करतात आणि शेवटच्या कमानीतून सरळ धागे आतड्याला भिडतात. लहान आतड्याच्या वरच्या भागात कमानी थोड्या, धागे लांब. खाली यावं तशा कमानींवर कमानी चढतात, धागे आखूड होतात. तक्त्यावर हे स्पष्ट दिसत होतं. पण तक्त्याचा कुणाला हेवा वाटत नाही, त्यामुळे थोरलीची नजर तिकडे जाईना. ती जाई समोर.

रंगांच्या डब्यांआडून धाकटीच्या नगाचं वरचं अंगच तेवढं दिसे, आणि तिथे कमानींची अशी जाळी उठत होती, की बघत राहावं. थोरलीने ओठ आवळले आणि आपल्या नगावर वरच्या अंगाला तिच्याहून एक रांग जास्त घातली.

"ताई, पाणी देऊ?" धाकटीने विचारलं.

"मला हात आहेत."

"ते गुंतलेत म्हणून म्हटलं."

गोडच बोलणार, थोरली मनात म्हणाली. खिडकी हवी ना.

जेवताना नवरा म्हणाला, "धाकटीचं काम सुरेख चाललंय, नाही?" त्याला त्या दिवशी दुसऱ्यांदा भाजी मिळाली नाही.

मॅडम यायच्या दिवशी धाकटीने आपला नग उचलला, फिरवला आणि स्टँडवर ठेवला. जाळी खाली गेली.

थोरली खुर्चीतून उठली. "तू उलटा धरून रंगवत होतीस?"

"हो. नाहीतर ओल्या रंगाला मनगट लागतं. माहेरी दुकानांच्या पाट्या रंगवायचो, अक्षरंसुद्धा उलटीच काढायचो."

दोन्ही नग शेजारी शेजारी आले. एकाची जाळी खाली, असायला हवी तिथे. दुसऱ्याची वर. सासूबाईंनी चष्मा वर केला. "इतकी वर्षं तुझा हात चुकला नाही, थोरले. यात कुणाचं पोट दुखतंय ते दिसतंय."

धाकटी ब्रश पुसत बसली. ती काही बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

मॅडम आल्या. थोरलीचा नग बघून म्हणाल्या, "यात वरचं खाली आणि खालचं वर झालंय." धाकटीचा नग त्यांनी जवळ ओढला. "हा छान आहे." मग मोठ्या आतड्यावरून फिरणारं त्यांचं बोट डाव्या वळणावर थांबलं. "पण इथे?"

मोठ्या आतड्याला वरची धमनी वरून रक्त पुरवते, खालची खालून. दोघींच्या फांद्या काठाकाठाने येऊन त्या वळणावर एकमेकींना मिळतात; एकीची वाट अडली तर बरेचदा दुसरी सांभाळून घेते. धाकटीने दोन्ही फांद्या वळणाच्या अलीकडे-पलीकडे थांबवल्या होत्या, सुबक टोकं काढून. मध्ये जागा कोरी.

"या दुसऱ्या नगात जोडलंय बघा," मॅडम म्हणाल्या. "तसं यावर करा. मग हाच मूळ नग."

मॅडम गेल्या. टेबलही गेलं. थोरली ब्रश गोळा करू लागली.

"ताई, ती रेघ तुम्हीच ओढा," धाकटी म्हणाली. "शेजारचं बघून काढलं की काय होतं, ते आत्ताच पाहिलं मी."

म्हणजे हिला सगळं माहीत होतं. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि हसूही आलं, ते तिने दाबलं. ती नग घेऊन बसली. मनगट टेकायला जागा सापडेना. धाकटीने न विचारता नग उलटा करून दिला.

"हात इथे टेकवा. श्वास धरा."

रेघ एका दमात गेली, लोण्यातून सुरी जावी तशी. शिकवतेही चांगलं, थोरलीला वाटलं, आणि तिला त्याचाच राग आला.

"टेबल तुझं," ती उठत म्हणाली. "खुर्ची माझी आहे, ती मी नेणार."

"न्या. फार लांब नेऊ नका. तक्त्यात आणखी काय काय सुटलंय माझं, कोण सांगणार?"

थोरलीने खुर्ची ओढत नेली ती त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. तिथेही खिडकीचा उजेड येत होता, जरासा कमी. किती कमी, ते ती दिवसभर मान वर करून बघत राहिली.