उष्टं ताट

सुकदेवने बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं आणि तसाच गाडीला टेकून उभा राहिला. धुळ्याच्या जिनात कापूस टाकून गाडी रिकामी परतली होती, तरी खांद्यांवरचं ओझं उतरलं नव्हतं. दुपारचे फुटाणे केव्हाच जिरले होते.

वच्छला पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिला सातवा महिना होता. तांब्या देताना बायकोने भिंत धरली, ते सुकदेवने पाहिलं. पहिलं मूल मूठभर जन्मलं होतं आणि बारशाआधीच गेलं होतं.

लढाई सुरू झाल्यापासून घासलेट मिळेना, म्हणून जेवणं उजेडातच उरकत. आई, भिकुबाई, भाकरी थापत होती. धाकटा हिलाल पाटावर बसून तिच्याशी हुज्जत घालत होता. यंदाच तो पुण्याहून बी.एस्सी. होऊन आला होता.

"माय, वहिनीले समतोल जेवण पाहिजे."

"पुण्याना शब्द शे तो. आपला चुलावर शिजस नही."

सुकदेव हात धुऊन पाटावर बसला. "समतोल म्हणजे काय रे? गाडी उलार व्हवाले नको, तसं का?"

"तसंच, भाऊ. पन नुसतं वजन सारखं करीसन भागत नही. भाकर, वरण, पालाभाजी, दूध, बठ्ठं थोडं थोडं पाहिजे. वहिनीले तू काय देस, माय? अर्धी भाकर आनि मिरची!"

भिकुबाईचा हात परातीत थांबला.

"पोटुशी बाईनं दाबीसन खावानं नही. पोर मोठं व्हस, सुटका व्हत नही. मन्ही बहीन तशीच गयी. मी बठेल व्हतू तिना उशाले."



भिकुबाईने सुकदेवचं ताट वाढलं. राबून आलेल्या पोराला ती कधी कमी वाढत नसे. दोन भाकरी, वरण, मेथीची भाजी, गुळाचा खडा, दुधाची वाटी. सुकदेवने एक भाकरी खाल्ली. वाटीतलं दूध अर्धं प्याला. मग भाजी बोटाने ताटाच्या कडेला सारली आणि उठला.

"का रे, इतलाच?"

"भूक नही."

हिलालने मान वर केली. तो काही बोलणार, तोच सुकदेव म्हणाला, "हात धुवाले पानी दे रे."

घरच्या रीतीप्रमाणे वच्छला नवऱ्याच्या ताटावर बसली. भिकुबाईने रोजची अर्धी भाकर त्यात ठेवली. उष्टं टाकायचं नाही, ही तिचीच शिस्त. वच्छलाने एकदा सासूकडे पाहिलं. भिकुबाई चुलीतली लाकडं मागे ओढत होती. बऱ्याच वेळाने वच्छला उठली, तेव्हा ताट पुसल्यासारखं स्वच्छ होतं.

बाहेर सुकदेवने बैलांसमोर कडबा टाकला आणि कमरेचं धोतर आणखी आवळलं.

दुसऱ्या दिवशीही तो तसाच थकून परतला. भिकुबाईने ताट पुढे सरकवलं. त्यात तीन भाकऱ्या होत्या, भाजीचा ढीग होता, आणि दुधाच्या वाटीच्या जागी पेला होता. सुकदेवने आईकडे पाहिलं. ती तव्यावरची भाकरी उलटत होती.

"सावकाश जेव," ती म्हणाली. "बठ्ठं संपाडू नको."