आठाला सात

घड्याळ निवडलं फिदेन्सियोनंच. टेक्सासमधल्या सान अंतोनियोहून मुलानं, अमादोरनं, शेजारच्या प्लुतार्कोच्या फोनवर दोन घड्याळांचे फोटो पाठवले होते. एक गोल, पांढरं, काट्यांचं. दुसरं काळं, चौकोनी, चार बोटं उंचीच्या आकड्यांचं. हे दुसरं कुणाला लावावं लागत नाही, कोलोराडोच्या डोंगरातून रेडिओनं खूण येते आणि ते स्वतःच रोज वेळ जुळवून घेतं, असं अमादोरनं कळवलं. फिदेन्सियोनं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला आणि काळ्यावर बोट ठेवलं.

त्याची बायको लुदिविना हिला गोल घड्याळ आवडलं होतं. पण तिनं हट्ट धरला नाही. एकतीस वर्षं फिदेन्सियोनं त्यांच्या मेक्सिकोतल्या गावच्या, लास नोरियासच्या कोळसा खाणीचा भोंगा वाजवला होता. दिवसातून पाच वेळा, एका मिनिटाचाही फरक नाही. त्याच्या भोंग्यावर बायका चुलीवर राजमा चढवत, पाद्री घंटेची दोरी ओढत. खाण बंद पडली तेव्हा भोंगा भंगारात गेला. "एवढी वर्षं मी सगळ्यांची वेळ लावली," तो म्हणाला, "आता माझी कुणीतरी लावू दे."

डिसेंबरात घड्याळ आलं. कागदावर लिहिल्याप्रमाणे त्यानं ते रात्रभर खिडकीत उत्तरेकडे तोंड करून ठेवलं. सकाळी आकडे बरोबर होते. त्यानं ते स्वयंपाकघरात, टेबलासमोरच्या भिंतीवर टांगलं आणि आपली खुर्ची त्याच्यासमोर ओढून घेतली.

मार्चपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. मार्चमधल्या एका रविवारी घड्याळ एक तास पुढे गेलं. मेक्सिको सरकारनं उन्हाळ्याची वेळ आदल्या वर्षीच बंद केली होती. सीमेलगतच्या गावांनी मात्र टेक्सासबरोबर राहायचं ठरवलं. त्यामुळे सीमेवरच्या पिएद्रास नेग्रासला घड्याळं पुढे गेली आणि गाडीनं दोन तासांवरच्या लास नोरियासला जागच्या जागी राहिली. फिदेन्सियोच्या भिंतीवरचं घड्याळ कोलोराडोचं ऐकत होतं. ते टेक्सासबरोबर गेलं.

मागच्या बाजूला एक बारीक खटका होता. तो सरकवला की उन्हाळ्याची वेळ बंद होत असे. फिदेन्सियोला तो माहीत होता, पण तो म्हणाला, राहू दे. अमादोर एकोणीस वर्षं कागदपत्रांवाचून तिकडे होता. इकडे आला तर परत जाता येणार नाही, म्हणून आला नव्हता. दर रविवारी त्याच्या सातला घरच्या फोनवर त्याचा फोन यायचा, एवढंच. "पोरगा कधी जेवायला बसतो ते तरी दिसतं. गावची वेळ पाहिजे तर एक वजा कर. एवढं गणित येतं ना तुला?"

लुदिविनाला गणित येत होतं, पण दिवसातून वीस वेळा ते करायचं राहून जाई. रक्तदाबाची गोळी कधी तासभर आधी, कधी तासभर उशिरा. गिरणीवर जावं तर कुलूप. शेवटी शुभ शुक्रवारी, क्रूसाच्या मिरवणुकीला, ती दुखरा गुडघा ओढत चारला म्हणून तीनलाच चर्चच्या अंगणात पोचली आणि तासभर उन्हात बसून राहिली. बायका जमू लागल्या तेव्हा प्लुतार्कोची बायको एदुविखेस सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय गं बाई, पोराकडे राहायला गेलीस वाटतं? जाताना सांगायचंस तरी, कोंबड्यांना दाणे टाकले असते."

बायका तोंडाला रुमाल लावून हसल्या. लुदिविनाही हसली. घरी येऊन तिनं खुर्ची भिंतीला लावली, वर चढली, घड्याळ उतरवलं आणि खटका सरकवला. सहाचे पाच झाले. फिदेन्सियो घरात नव्हता. प्लुतार्कोबरोबर त्याच्या ट्रकचं तेलपाणी बघायला गेला होता.

कारण दुसऱ्या दिवशी त्याला पिएद्रास नेग्रासला जायचं होतं. अमादोरची मुलगी यारेत्सी सीमेवरच्या पुलाच्या अलीकडे येणार होती. अठरा वर्षांची, तिकडेच जन्मलेली, तिच्याकडे सगळे कागद होते. आजीआजोबांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. अमादोरची एक शेजारीण दातांच्या डॉक्टरकडे पिएद्रास नेग्रासला यायची होती, तिच्या गाडीतून यारेत्सी येणार. साडेनऊ ते साडेदहा, पुलाजवळच्या चौकात, घंटाघरासमोरच्या बाकावर. त्यापुढे थांबता येणार नव्हतं. सणाच्या शनिवारी पुलावर रांग मोठी आणि शेजारणीला दुपारी कामावर हजर व्हायचं होतं. ट्रकमध्ये दोघांपुरतीच जागा, म्हणून लुदिविना घरी राहणार होती. तिनं आठवडाभर बसून अक्रोडासारख्या पिकानचे दाणे सोलले होते, दोन किलो.

खटक्याचं त्याला रात्री जेवताना सांगायचं तिनं ठरवलं होतं. पण तो आला तोच गुणगुणत. त्यानं दाढी केली, पांढरा सदरा खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि ट्रंकेतून पितळी बिल्ला शोधून काढला. खाणीत उतरताना प्रत्येकजण हजेरीसाठी द्यायचा तो, त्याचा नंबर २१४. तो त्यानं राखेनं घासून लखलखीत केला. नातीला द्यायचा होता. आता सांगितलं तर तो चिडेल, घड्याळ उतरवेल, संध्याकाळ बिघडेल, असं तिला वाटलं. सकाळी सांगू.

सकाळी ती अंधारातच उठून तोर्तिया लाटायला बसली. वाटेसाठी सुक्या मांसाची अंडाभुर्जी करायची होती. तव्याकडे बघता बघता सांगायचं राहून गेलं असं तिनं पुढे स्वतःला बजावलं, पण ते तितकंसं खरं नव्हतं. तो सदरा घालून घड्याळासमोर बसला होता आणि तिच्या मनात एकदा ते येऊन गेलं होतं. तेव्हाच त्यानं विचारलं, "म्हातारे, दाणे कुठं ठेवलेस?" ती पिशवी आणायला उठली.

"आज वजाबाकी नाही," पिशवी घेत तो म्हणाला. "घड्याळ पोरीच्याच वेळेवर चालतंय. साडेसातला निघालो की साडेनऊला बाकावर."

घड्याळात साडेसात झाले तेव्हा तो निघाला. पिएद्रास नेग्रासला साडेआठ वाजले होते.

नऊ वाजता फोन वाजला. अमादोर होता. बाबा निघाले ना, असं त्यानं विचारलं. यारेत्सी अर्धा तास बाकावर बसून आहे.

"साडेसातला निघाले," लुदिविना म्हणाली.

"मग पोचायला हवे होते. दहा वाजले आई."

तिनं भिंतीकडे पाहिलं. तिथं नऊ होते. तिला जे कळायचं ते तेव्हा कळलं. अमादोरला तिनं सांगितलं की प्लुतार्कोचा ट्रक जुना आहे, काही झालं असेल. मग एदुविखेसकडे जाऊन प्लुतार्कोला फोन लावायला लावला. त्या रस्त्याला रेंज नव्हती. आणि लागला असता तरी ट्रकला पंख फुटणार नव्हते.

घरी परत येऊन ती पुन्हा खुर्चीवर चढली आणि खटका होता तसा करून ठेवला.

तो दुपारी आला. पिकानची पिशवी त्यानं टेबलावर ठेवली, तिच्यावर बिल्ला. पोरगी दहा पस्तीसपर्यंत थांबली, असं बाकाजवळच्या फुगेवाल्यानं त्यांना सांगितलं होतं. ते दहा चाळीसला पोचले. सीमेजवळ आल्यावर प्लुतार्कोच्या फोननं आपणहून एक तास उडी मारली आणि दहा दहा दाखवले, तेव्हा फिदेन्सियो त्याला म्हणाला होता की फोन चुकला आहे, घरचं घड्याळ चुकत नाही.

तो सरळ घड्याळापाशी गेला आणि काचेला नाक लागेल इतक्या जवळून आकडे बघू लागला. मग प्लुतार्कोच्या फोनवर काय वाजलेत ते त्यानं दारातून ओरडून विचारलं. एका तासाचा फरक होता, असायला हवा होता तेवढाच.

"बरोबर आहे हे," तो म्हणाला. "मीच आठाला सात वाचलं."

लुदिविना ताट वाढत होती. बोलायची वेळ हीच होती. तिनं राजमा गरम आहे, जपून खा, असं सांगितलं.

दोन वर्षं तो मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला नाही म्हणत होता. त्या रविवारी फोनवर त्यानं स्वतःहून हो म्हटलं. अमादोरला तेवढंच बरं वाटलं. यारेत्सीनं बाकाचा फोटो पाठवला होता, त्यात घंटाघराचं अर्धं घड्याळ आलं होतं. पुढल्या खेपेला नक्की भेटू, असं तिनं आजोबांसाठी सांगितलं. मे महिन्यात ती आरमारात भरती झाली आणि पुढल्या खेपेचं बोलणं थांबलं.

त्याचा आकड्यांवरचा विश्वास उडाला होता. खुर्ची तिथंच होती, पण तो विचारायचा, "म्हातारे, किती वाजले?" गोळीच्या आधी, बातम्यांच्या आधी, रविवारी तर दर दहा मिनिटांनी. ती सांगायची, आधी पोराची वेळ, मग गावची. एकदाही ती कंटाळली नाही. सांगताना आवाज फार मऊ होतो हे तिच्या ध्यानात येई आणि ती भांडी जोरानं आपटे.

जूनच्या अखेरीस मोनक्लोवाला त्याच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर तो घरी आला, खुर्चीत बसला आणि उजवा डोळा हातानं झाकून घड्याळ वाचलं. मग डावा झाकला आणि उजव्यानं, न केलेल्या डोळ्यानं, वाचलं. उठून दारापर्यंत गेला, तिथून पुन्हा वाचलं.

"चार सतरा," तो म्हणाला. "वाईट डोळ्यानंसुद्धा दिसतंय. दारातून दिसतंय." तो परत येऊन बसला. "मग त्या दिवशी मी सात कसं वाचलं?"

तो तिला विचारत नव्हता, स्वतःशीच बोलत होता. ती गप्प राहू शकली असती. तिनं हात पुसले आणि शुक्रवारपासूनचं सगळं सांगितलं: चर्चचं अंगण, खटका, सकाळी तव्यापाशी असताना मनात येऊन गेलेलं, आणि अमादोरच्या फोननंतर खटका परत फिरवला तेही. शेवटचं सांगताना तिला वेळ लागला.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"सकाळचं विसरणं मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण तीन महिने मी तुला वेळ विचारत होतो, लुदी."

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला म्हातारी होण्याआधीच म्हातारी म्हणायला सुरुवात केली होती. नावानं हाक तिला नवीन होती. तो उठला आणि अंगणात कोंबड्यांकडे गेला.

त्यानंतर तो तिच्याशी नीट वागला. बाजारातून तिच्या गुडघ्याचं मलम आणायला विसरला नाही. रविवारी फोन आला की तिला आधी बोलू द्यायचा. अमादोरला त्यानं काही सांगितलं नाही. मोतीबिंदूमुळेच घोटाळा झाला, हेच तिकडे कायम राहिलं. वेळ मात्र त्यानं तिला पुन्हा कधी विचारली नाही.

नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी घड्याळ आपलं आपण एक तास मागे आलं. पोराची वेळ आणि गावची वेळ एक झाली. लुदिविना सकाळी कॉफी ठेवायला आली तेव्हा तो खुर्चीत बसलेला होता.

"आजपासून एकच वेळ," ती म्हणाली. "वजाबाकी नाही."

"दिसतंय मला," फिदेन्सियो म्हणाला.