नको म्हटल्यावर

परीक्षा संपली त्या संध्याकाळी तात्या, काकू आणि धाकटी तळ्यातल्या बेटावर गेली. नावं ऐकून कुणी वडीलधारी मंडळी डोळ्यांपुढे आणू नयेत. तिघंही पंचविशीच्या आतली, शिकायला परदेशी आलेली आणि एकाच भाड्याच्या घरात राहणारी. तात्या खिशात बामाची डबी बाळगायचा, म्हणून तात्या. कुणी उपाशी झोपलेलं काकूला खपायचं नाही. धाकटी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत अबोल.

नावाड्यानं त्यांना बेटावर उतरवलं तेव्हा उन्हाळ्याचं लांबलेलं ऊन अजून पाण्यावर होतं. त्याची ही आजची शेवटची खेप; पुढची थेट सकाळी. "रात्री न्यायला येऊ का?" त्यानं विचारलं.

"छे छे, तुम्हाला कशाला त्रास!" तात्या त्याच्या भाषेत अगदी घोळवून म्हणाला.

"आम्ही बघू आमचं," काकूनं भर घातली.

"बरं," म्हणून नावाड्यानं वल्हं मारलं.

तिघं काठावर वाट बघत उभी राहिली. आता हा थांबेल, मागे वळेल, 'असं कसं, येतो की!' म्हणेल. मग आपण थोडे आढेवेढे घेऊ आणि त्याच्या आग्रहाखातर हो म्हणू. आपल्याकडे पंगतीत नाही का, पहिल्यांदा ताटावर हात आडवा धरायचा, दुसऱ्यांदा 'अर्धीच' म्हणायचं आणि मग सावकाश दोन पोळ्या हाणायच्या! होडी मात्र लहान होत होत पलीकडे लागली. नावाडी उतरला, सायकलवर बसला आणि गेला.

"गेला की हा!" तात्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"तूच नको म्हणालास ना?" काकू उसळली.

"मी काय मनापासून म्हणालो?"

"ते त्या बिचाऱ्याला काय स्वप्न पडणार होतं?"

नावाड्याचा फोन नंबर त्याच्या खोपटावर चांगला मोठ्या अक्षरांत रंगवलेला होता, आणि खोपट पलीकडच्या काठावर. तात्या खाली बसला आणि कपाळाला बाम चोळू लागला. ते बघून काकूला हसू फुटलं, आणि मग तिघांचीही मुरकुंडी वळली.

रात्र उबदार होती. त्यांनी उकडलेले बटाटे आणि पाव फस्त केला, पाण्यात पाय सोडले. तात्यानं भसाड्या आवाजात गाणी म्हणायला घेतली तेव्हा बदकांनीसुद्धा जागा बदलली. इतकं मनमोकळं धाकटी इथे आल्यापासून हसली नव्हती. पण हसता हसता तिनं एकाएकी पाय पाण्यातून वर घेतले.

"मीपण असंच करून बसलेय," ती म्हणाली.

ती जुनी, विरलेली कापडं सांधायला शिकत होती. मागच्या आठवड्यात रेशमाचा धागा रंगवताना तिच्या बाईंनी विचारलं होतं, "अजून एक वर्ष माझ्या कार्यशाळेत काम करशील?" त्याच एका गोष्टीसाठी तर ती वर्षभर जीव टाकत होती. आणि ती म्हणाली होती, "नको, तुम्हाला कशाला त्रास." बाई "बरं" म्हणाल्या. पुन्हा विचारतील म्हणून ही रोज त्यांच्या आगेमागे घुटमळत राहिली.

"उद्या दुसऱ्या मुलीला सांगणार आहेत," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, मीच आवडत नाही त्यांना."

"अगं शहाणे!" काकूनं कपाळावर हात मारला. "काढ फोन. आत्ताच्या आत्ता कळव!"

धाकटीनं लिहिलं. माफी मागितली, आभार मानले, आपली अडचण होणार नसेल तर, जमल्यास, वेळ मिळाल्यास... काकूनं फोन हिसकावून एकेक वाक्य पुसायला सुरुवात केली. तात्या मध्ये मध्ये "निदान एक 'कृपया' राहू दे गं" म्हणत होता. शेवटी एकच ओळ उरली: 'मला ते काम हवं आहे.' इतकं उघडंवाघडं वाक्य धाकटीनं जन्मात लिहिलं नव्हतं. तिनं डोळे मिटून ते पाठवलं, आणि मग तिला इतकं हलकं वाटलं की तात्याच्या पुढच्या गाण्यात तिनंही सूर मिसळला.

उजाडताना फोन वाजला. तात्या आणि काकू गवतावर पाय पसरून घोरत होती. बाईंचं उत्तर आलं होतं: 'जागा तुझीच. सोमवारी ये.' धाकटीचा जीव भांड्यात पडला. मग तिला खालची ओळ दिसली. 'तुला माझ्याबरोबर काम करायला आवडत नाही, असं मी समजले होते. फार वाईट वाटलं होतं.'

धाकटी फोनकडे बघतच राहिली. म्हणजे आठवडाभर एकाच टेबलाशी बसून दोघीही तेच दुःख गिळत होत्या! त्रास नको म्हणून नको म्हटलं, आणि बाईंना त्रास झाला तो नेमका त्याचाच. तिचे डोळे भरून आले. या वेळी तिनं कुणालाही विचारलं नाही.

'आवडतं,' तिनं लिहिलं. 'तुम्हीही खूप आवडता.'

ते पाठवलं, आणि मग तिनं दोघांना गदागदा हलवून उठवलं.