उंबऱ्यावरची हाक

"दार उघडा असला म्हणान भितर शिराचा नाय, चेडवा. उंबऱ्यार रवान हाक मारूची."

घोडपदेवच्या चाळीत दिवसभर दारं सताड उघडी. तरी सुभद्राआत्या दर्शनाला लहानपणी हेच बजावायची.

आज मात्र दर्शनाला काही आठवायची उसंत नव्हती. फोटो कुठे काढलाय ते हुडकणारं, कुणालाही फुकट वापरता येणारं सॉफ्टवेअर तिचा ऑनलाइन गट मिळून बनवत होता. सकाळीच धनेश नावाच्या माणसाने बहिणीचा नुकताच कुठूनसा मिळालेला फोटो गटावर टाकला होता : नाव पूर्वी, दोन वर्षं बेपत्ता, शोधून द्या. वीसेक जण तुटून पडले. कुणी सावल्या मोजल्या, कुणी मागचा मनोरा ताडला. दर्शनाची नजर खिडकीच्या जाळीवर अडकली. लोखंडाचे दोन मोर, एकाची मान मोडलेली. सॉफ्टवेअरने चार गल्ल्या दाखवल्या आणि तिसरीत तोच मोर! माझगाव, घरापासून वीस मिनिटांवर. तिच्या छातीत लेझीम सुरू झाली.

पत्ता टाइप करून झाला होता. एकदा डोळ्यांनी बघू आणि मग पाठवू, म्हणत ती निघालीच. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली. मोराच्या जाळीच्या घराचं दार उघडं. पाऊल आत पडणार, तोच आत्या आठवली. ती मागे सरली.

"आहे का कुणी?"

पिठाच्या हातांनी फोटोतलीच बाई आली. दर्शनाने नाव घेताच तिचा चेहरा उतरला.

"धनेशने पाठवलं ना तुला?"

मग उंबऱ्यावरच कळलं. भावाने ठरवलेलं लग्न नको म्हणाली, तर महिनाभर खोलीत कोंडलं होतं. पूर्वी हरवली नव्हती, आपल्या पायांनी निघाली होती. भावाला सापडली तर पुन्हा त्याच खोलीत.

दर्शना खाली आली. गटप्रमुख पुष्करने विचारलं होतं, काही लागलं का हाताला? तिने पत्ता पुसला आणि "नाही" लिहिलं. लगेच गटातल्याच शिवाचा टोमणा आला : थकलीस काय म्हातारे? बाजूला हो, मी मोरापर्यंत पोचलोय.

तिच्या खोट्याने शोध थांबणार नव्हता. एकोणीस जण तिच्याइतकेच हुशार होते, तिच्याइतकेच चेकाळलेले. वर जाळीत पूर्वी उभी होती, खाली बघत.

दर्शनाने पुष्करला फोन लावला. लेझीम अजून वाजतच होती.

"मघाशी खोटं बोलले रे. पूर्वी सापडलीय. तिला विचारलं, ती नको म्हणतेय. पत्ता मी देणार नाही, तुम्हीही शोधायचा नाही. आधी तो फोटो गटावरून काढून टाक."