खांद्यावरचं शून्य

आपल्या घरात कुणी नवीन काही शिकायला बसलं, की आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? "याचा उपयोग काय?" या घरातही तोच विचारला गेला. विचारला मुलीने, तोही आईला!

आई शर्ट शिवायची. अख्खी गल्ली तिला टेलरकाकू म्हणे. मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची. वाचनालयात व्हिडिओ गेम बनवायला शिकवणारा वर्ग निघाला, तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या टेलरकाकूंनी नाव घातलं. चार महिन्यांत त्यांनी एकटीने एक गेम रचला. शर्टाचं तुटलेलं बटण कात्री, टाचण्या आणि तापलेली इस्त्री चुकवत आपल्या काजाला भेटायला निघतं. रविवारी सगळ्यांचे गेम वाचनालयात लोकांना खेळायला ठेवणार होते.

"तू नाव काढून घे," मुलगी म्हणाली. "मी वर्गात गेम खेळू नका म्हणून घसा फोडते, आणि माझी आई गेम बनवते! शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर हाच विषय चघळतील. आणि उपयोग तरी काय गं याचा?"

टेलरकाकूंनी दातात धरलेला दोरा तोडला.

"बरं. काढते. तसंही बटण खाली पडतच नाहीये. गेम सुरू झाला की वर जाऊन छताला चिकटतं. फसलेला शर्ट गिऱ्हाइकाला कोण देतं?"

"छताला?" मुलीच्या भुवया चढल्या. "बघू."

खरंच! गेममधल्या टेबलावर पडायचं ते बटण संगणकाच्या पडद्यावर सुळ्ळकन वर गेलं.

"तुझ्याच दहावीच्या पुस्तकातून केलंय," आई म्हणाली. "वर अधिक, खाली उणे. म्हणून गुरुत्वाकर्षणाला उणे दिलं."

"मग बरोबर आहे. दुसरं काहीतरी चुकलंय."

"अधिक देऊन बघू का?"

"आई! अधिक दिलंस तर वर जाईल. साधा नियम आहे!"

मुलीने पदर खोचला आणि आकडे बदलायला घेतले. वजन वाढवलं, वेग कमी केला. बटण दर वेळी छताला! आणि दर वेळी टेलरकाकू खुदकन हसत. चाळीस मिनिटांनी मुलगी वैतागली.

"हसतेस काय? चुकतंय ना!"

"म्हणून तर हसू येतंय. बघ ना, कसं लटकलंय, ध्यान! तुझ्या वर्गात चुकलं की लाल पेन येतं, मास्तरीणबाई, आणि पोरं वही मिटतात. इथे चुकलं की बटण उडतं, आणि ते का उडालं हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. उपयोग विचारत होतीस ना? चार महिन्यांत मी एकदाही कंटाळले नाही, हा उपयोग कमी आहे?"

मुलगी काही बोलणार, तोच टेलरकाकूंनी गळ्यातली टेप हातात घेतली आणि पडद्याच्या वरच्या कडेला लावली.

"अगं, शर्टाची उंची मी कुठून मोजते? खांद्यावर शून्य धरते आणि खाली येते. जितकं खाली, तितका आकडा मोठा. या पडद्याचंही शून्य वरच असलं तर?"

मुलगी टेपकडे बघत राहिली. मग तिने गपचूप उणेचं अधिक केलं, उडीच्या आकड्याचं चिन्हही उलटवलं आणि गेम सुरू केला.

टुक्! बटण टेबलावर पडलं. उडी मारून कात्रीपलीकडे गेलं आणि पुन्हा टुक्!

"पडलं! आई, पडलं!" मुलगी लहानपणी ओरडायची तशी ओरडली. नियम चुकीचा नव्हता. शून्य कुठे आहे हे तिने विचारलंच नव्हतं. आणि विचारू पाहणारीला तिने गप्प केलं होतं.

टेलरकाकूंनी हसून ओले झालेले डोळे पुसले आणि चपला पायात घातल्या. "झालं माझं समाधान. आता वाचनालयात नाव काढायचं सांगून येते."

"आई, थांब!" मुलीने तिचा हात धरला. "नाव राहू दे. माझं चुकलं. आणि ती इस्त्री एवढ्या जोरात फिरते, मला एकदा तरी पार करू दे ना."

रविवारी गेमपाशी रांग लागली. मुलगी आईशेजारी उभी होती. तिच्याच वर्गातली, कधीही हात वर न करणारी एक मुलगी बटण खेळवता खेळवता शेजारच्या कागदावर लिहिलेले गेमचे आकडे वाचून थबकली.

"मॅडम, गुरुत्वाकर्षणाला अधिक? तुम्ही तर उणे शिकवलं होतंत."

आजूबाजूची मुलं बाईंकडे बघू लागली. बाई हसल्या.

"मीही इथे उणेच दिलं होतं आणि सपशेल फसले! का फसले असेन, सांग बरं. चुकलीस तरी चालेल."

त्या मुलीने कधी नव्हे तो हात वर केला. बाईंनी आईच्या गळ्यातली टेप काढून तिच्या हातात दिली.

वाचकहो, आपल्याही घरात कुणीतरी असंच काही शिकत बसलं असेल. वय कितीही असो, उपयोग विचारायची घाई करू नका. शेजारी बसा आणि विचारा, "कुठे अडलंय? बघू." शिकण्यातला आनंद हाच त्याचा पहिला उपयोग असतो.