नाकाचा चिमटा आणि नर्सबाईंचं घड्याळ

नवरा दिवसाढवळ्या घोरतो असं सांगितलं की लोकांना वाटतं, बाई आळशी नवऱ्याचं गाऱ्हाणं गातेय. तसं नाही. आमचे हे बेकरीत भट्टीवर आहेत. सगळं जग जेवून हात पुसतं तेव्हा हे कामावर निघतात, आणि लोक पावासाठी रांग लावतात तेव्हा घरी येऊन आडवे होतात. आडवे झाले की सुरू. मी घड्याळं दुरुस्त करते. पुढची खोली म्हणजे माझं दुकान, मागची खोली म्हणजे यांची झोप, आणि मधे एक लाकडी दार. त्या दाराचा उपयोग फक्त त्यावर टॉवेल वाळत घालायला.

घड्याळाचं काम डोळ्यांचं, असा सगळ्यांचा समज आहे. डोळ्यांना भिंग लावता येतं. शेवटी निकाल देतो तो कान. पुर्जे जागेवर बसले, झाकण लावलं, की घड्याळ कानाशी धरायचं आणि टिकटिक ऐकायची. सारखी पडतेय की लंगडतेय, कुठे अडखळतेय, कुठे घाई करतेय. वडिलांनी मला असंच शिकवलं आणि माझं दुकान चाललंय ते याच कानावर. टिकटिक मोजणारं यंत्र मिळतं बाजारात. मीही एकदा आणून पाहिलं. ते घड्याळ सोडून यांचं घोरणंच मोजत बसलं. दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिलं.

मग मीच माझी सोय शोधली. यांचं घोरणं मधूनच थांबायचं. घुर्र, घुर्र, घुर्र, आणि एकदम काही नाही. मग जरा वेळानं पाण्यातून वर आल्यासारखा एक मोठा आवाज, आणि गाडी पुन्हा सुरू. त्या मधल्या शांततेत मी घड्याळ ऐकायचे. कानाशी धरून तयार बसायचं, आवाज थांबला की ‘सुटले बाई’ म्हणायचं आणि ऐकून घ्यायचं. वर्षानुवर्षं मी असंच काम केलं. पण माणसाच्या सहनशक्तीला काही अंत आहे की नाही? माझ्या नाकी नऊ आले होते, आणि नाक मात्र यांचं.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं पहिल्यांदा नाकावर आडवी चिकटवायची पट्टी दिली. म्हणे नाकपुड्या उघड्या राहतात. नाकपुड्या उघड्या राहिल्या असतील, पण पट्टी राहिली तर ना. भट्टीसमोरून आलेला माणूस कितीही अंघोळ करो, त्याच्या अंगातून तासभर घाम निथळतच असतो. पट्टी कधी उशीवर सापडायची, कधी चादरीत. एकदा ती यांच्या बनियनच्या पाठीला चिकटून बेकरीत गेली आणि तिथल्या लोकांनी रात्रभर काही सांगितलं नाही.

दुसऱ्या खेपेला मी घोरणं कसं आहे ते नीट समजावून सांगितलं. औषधवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गोळ्या कात्रीनं कापत होता. सारखं घोरतात की मधे थांबतात, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, थांबतात ना, तेवढ्यातच तर माझं काम होतं. तो म्हणाला, मग एकदा डॉक्टरांना दाखवा. आता औषधवाले पायाच्या कुरुपालाही डॉक्टरांना दाखवा म्हणतात. मी म्हटलं, आधी दुकानात काय आहे ते दाखवा. त्यानं मुकाट्यानं नाकपुड्यांत बसवायच्या दोन मऊ नळ्या काढून दिल्या.

नळ्यांचं काय झालं ते सांगायची लाज वाटते. चार-आठ दिवस यांनी त्या घातल्या, कुरकुर करत का होईना. मग एका संध्याकाळी उशिरा जाग आली, हे धावतपळत कामाला गेले, आणि नाकातल्या नळ्या काढायच्या राहून गेल्या. आता त्यातली एक कुठे पडावी? मळलेल्या पिठात. एक नळी नाकात होती, दुसरी नव्हती, एवढं कळल्यावर मालकानं ती अख्खी परात ओतून टाकायला लावली. दुसऱ्या दिवशी निम्म्या पेठेला पाव मिळाला नाही आणि त्याचं कारण निम्म्या पेठेला कळलं.

त्या दिवशी मी घरात दोन कायदे केले. एक, बारीकसारीक वस्तू जिथल्या तिथे ठेवायची, म्हणजे अशी जागा की जिथून ती हरवणार नाही. आणि दोन, या महिन्यात घोरणं कमी झालं नाही तर यांनी झोपायला धाकट्या दिरांकडे जायचं. त्यांची वरची खोली रिकामीच असते. हे भिंतीकडे तोंड करून झोपले आणि घोरायला लागले. पण त्यांच्या मनाला ते लागलं असावं, कारण त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःच्या पायांनी जाऊन एक तिसरी वस्तू आणली. रबराचा छोटासा चिमटा होता, दोन टोकांना दोन जाडसर मणी. नाकाच्या मधल्या पडद्याला लावायचा. मी म्हटलं, नाकापेक्षा मोती जड. हे म्हणाले, लावून तर बघू.

आणि खरं सांगते, मला फरक वाटला. घोरणं होतंच, पण मधली शांतता वाढल्यासारखी वाटली. मी तसं बोलूनही दाखवलं. यांचा चेहरा असा खुलला की काही विचारू नका. हा माणूस चिमट्याला जपायला लागला. उठला की पुसून ठेवायचा. कुठे ठेवता, असं मी विचारलं नाही. हरवत नाहीये ना, मग झालं.

त्यानंतर माझी घड्याळं परत यायला लागली.

आधी शिंप्याचं आलं. पुढे जातंय म्हणाला. मग शाळेतल्या मास्तरांचं, तेही पुढे. दुरुस्त केलेलं घड्याळ मागे पडलं तर समजू शकते, तेल कमी झालं असेल, कचरा असेल. पण एकजात सगळी पुढे? दुकानात मी स्वतः ऐकून, दुपारभर भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाशी ताडून मगच खणात ठेवत होते. तयार घड्याळांचा एक खण आहे माझा, मखमली कापड घातलेला. संध्याकाळी त्यात ठेवायची, सकाळी गिऱ्हाइकाला द्यायची. संध्याकाळी शहाणी असलेली घड्याळं सकाळी वेड्यासारखी धावत सुटायची.

सगळ्यांत वाईट झालं ते नर्सबाईंच्या घड्याळाचं. छातीला पिन लावून उलटं टांगायचं घड्याळ, तिच्या आईपासून चालत आलेलं. दोनदा परत आलं. तिसऱ्यांदा ती स्वतः आली, ड्यूटीवर निघालेली, पांढऱ्या बुटांत. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

“बाई, मी यावर माणसांचे श्वास मोजते,” ती म्हणाली. “हे पुढे पळालं की माझा आकडा चुकतो. या वेळी नाही जमलं तर तसं सांगा, मी दुसरीकडे नेते.”

ती गेल्यावर मी घड्याळ टेबलावर ठेवलं. माझा कान गेला, असं वाटलं. वडिलांचा गेला होता तसाच. त्यांनी ज्या दिवशी भिंग उतरवून ठेवलं तो दिवस मला आठवत होता. दुकान गेलं तर मी काय करणार होते, पाव विकणार? आणि आतून यांचं सुरूच होतं. मला इतका राग आला की मी उठून ते लाकडी दार आपटलं. टॉवेल खाली पडला. आतला आवाज तसाच.

रागाच्या भरात माणसाला कधीकधी अक्कल सुचते. घड्याळ विनाकारण पुढे पळायला लागलं की पहिला संशय चुंबकावर घ्यायचा, हे मी गिऱ्हाइकांना घसा ताणून सांगते. फोनच्या कव्हराजवळ ठेवू नका, स्पीकरवर ठेवू नका. आत केसासारखी स्प्रिंग असते, तिला चुंबक लागलं की तिचे वेढे एकमेकांना धरतात आणि घड्याळ धावायला लागतं. पण माझ्या दुकानात चुंबक आणणार कोण? माझे स्क्रूड्रायव्हरसुद्धा मी तपासून घेते. तरी मी होकायंत्र काढलं आणि नर्सबाईंचं घड्याळ त्याच्याजवळ नेलं. सुई वळली.

संध्याकाळी हे उठून अंघोळीला गेले आणि मी होकायंत्र हातात घेऊन घरभर फिरले. फ्रिजपाशी गेले, रेडिओपाशी गेले, इस्त्रीवर धरलं, शिवणाच्या डब्यात धरलं. कपाटावर चढून पाहिलं. हे टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि काय हरवलं म्हणून विचारायला लागले. मी म्हटलं, माझं डोकं. थकून माझ्या खुर्चीत बसले, होकायंत्र टेबलावर ठेवलं, तर सुई गर्रकन फिरली आणि माझ्याच खणाकडे रोखून उभी राहिली. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी खण ओढला, मखमल उचलली. खाली, पुढच्या कोपऱ्यात, कागदात गुंडाळलेला चिमटा. ते दोन जाडसर मणी म्हणजे रबराच्या आत बसवलेले चुंबक होते.

मी तो वर धरला. यांना काही कळेना.

“तूच म्हणालीस ना, हरवणार नाही अशा जागी ठेवा,” हे म्हणाले. “तुझ्या या खणातून आजवर काही हरवलं नाही. घड्याळांत माझं नाकातलं दिसलं तर तू चिडशील, म्हणून कापडाखाली ठेवला.”

आता या माणसाला काय बोलायचं? मी बरंच बोलले. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणाले, माझ्या वडिलांचं नाव घालवलं म्हणाले, नाकातली वस्तू मखमलीत ठेवणारा माणूस जगात एकच असेल असंही म्हणाले. हे टॉवेलवरच उभे. खोक्यावर काय लिहिलंय ते वाचलं नाही का, असं विचारलं, तर म्हणे खोकं दुकानातच टाकून आलो, त्यावरची किंमत बघून तू रागावशील. शेवटी म्हणाले, मी जातो धाकट्याकडे झोपायला. दिरांना फोनही केला. त्यांच्याकडे वरच्या खोलीला रंग लावत होते, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. म्हणजे तोवर हे घरीच, आणि नाकाला काहीही न लावता.

दुसऱ्या दिवशी मी चुंबक उतरवायचं यंत्र काढलं. डबीएवढं असतं, वर घड्याळ धरायचं, बटण दाबायचं आणि हळूहळू लांब न्यायचं. शिंप्याचं उतरवलं, मास्तरांचं उतरवलं. नर्सबाईंचं शेवटी घेतलं. उघडलं, स्प्रिंगचे वेढे सुटे झालेत का पाहिलं, काटा जुळवला. आता ऐकायचं राहिलं होतं, आणि आत यांचा कारखाना जोरात. मी घड्याळ कानाशी धरून नेहमीसारखी वाट बघत बसले.

आवाज थांबला. सुटले बाई, म्हटलं.

टिकटिक ऐकली. स्वच्छ होती, सारखी होती. कान शाबूत होता माझा. इतकं बरं वाटलं की मी घड्याळ कानापासून काढून समोर धरलं, नुसतं बघायला. सेकंदाचा बारीक काटा वरून खाली उतरत होता. भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याशी पाऊल जुळवून, ना पुढे ना मागे. तो तळाशी पोचला आणि दुसऱ्या बाजूनं वर चढायला लागला. मी फडक्यानं काच पुसली. पिन पुसली. झाकण नीट बसलंय का, नखानं पाहिलं. घाई नव्हती, कारण घर शांत होतं.

मग माझ्या लक्षात आलं की घर अजून शांत आहे.

हातातलं घड्याळ चालत होतं. मी यावर माणसांचे श्वास मोजते, असं ती म्हणाली होती. मी काट्याकडे पाहत राहिले आणि आतून काही येईना. माझं सगळं काम याच शांततेत होत आलं होतं. रोज, वर्षानुवर्षं, यांचा श्वास थांबायचा आणि मी सुटले म्हणायचे. चिमट्यानं शांतता वाढली म्हणून मी यांना शाबासकी दिली होती.

मी उठले तेव्हा खुर्ची मागे पडली. दार ढकलून आत गेले. हे उताणे झोपले होते, तोंड उघडं, छाती वर यायला धडपडत होती आणि आत हवा जात नव्हती. ओठांचा रंग मला आवडला नाही. मी खांदे धरून गदागदा हलवलं. तो मोठा आवाज आला, पाण्यातून वर आल्यासारखा, आणि यांनी डोळे उघडले. माझा चेहरा बघून हे घाबरले. माझ्या हातात नर्सबाईंचं घड्याळ तसंच होतं.

“घोरत होतो का मी फार?” यांनी विचारलं. “सांगितलंय ना धाकट्याला. पुढच्या आठवड्यात जातो.”

“कुठेही जायचं नाही,” मी म्हटलं. “तुम्ही घोरत नव्हता.”

हे मग कूस बदलून पुन्हा डोळे मिटायला लागले, म्हणे मग उठवलंस कशाला. माझा राग पुन्हा डोक्यात गेला, आणि त्याच रागानं मला रडू आलं. मी चादर ओढून काढली. कपडे करा म्हटलं, दुकान बंद करतेय, आपण आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जातोय. नर्सबाईंना त्यांचं घड्याळ द्यायचंय आणि तिथल्याच डॉक्टरांना तुम्हाला दाखवायचंय.